‘आपल्याकडे कुटुंब, त्यांच्याकडे एकटेपणा’? मनिऑर्डरीच्या कुपनांतून एक शोध

१/
आजचा धागा लढायांचा नाही, किल्ल्यांचाही नाही. कुटुंबाचा आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी एक संदेश पुढे धाडला. आशय आपल्या सर्वांच्या परिचयाचा: पाश्चात्य देशांत मुले अठराव्या वर्षी घर सोडतात, आईवडील वृद्धाश्रमात मरतात, नवरा-बायको क्षुल्लक कारणावरून विभक्त होतात, आपल्याकडे मात्र हजारो वर्षांपासून एकत्र कुटुंब आणि जिव्हाळा. संदेश सर्वांसाठी होता, रोख मात्र एकावरच होता. माझा चुलतभाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत असतो आणि यंदा गौरी-गणपतीला तो घरी येऊ शकला नाही. त्याने संदेश वाचला. उत्तर दिले नाही.

२/
इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून त्या संदेशातील एकेक विधान तपासून पाहावेसे मला वाटले. त्या कामी ग्रंथालयाइतकाच उपयोग झाला तो आजीच्या पत्र्याच्या डब्याचा. त्या डब्यात आजोबांच्या मनिऑर्डरींची कुपने आहेत.

३/
आधी ठिकाण सांगते. मलकापूर हे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे, शाहूवाडी तालुक्यातील छोटे गाव. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे हे मुख्य ठाणे, आणि ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अधिपत्याखाली होती. पश्चिमेला आंबा घाट, त्यापलीकडे कोकण. पाऊस प्रचंड, जमीन डोंगर-उताराची, पीक मुख्यतः भात आणि नाचणी. अशा जमिनीवर भावाभावांची पोटे भरत नाहीत. म्हणून या पट्ट्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले.

४/
मुंबईतील पहिली यशस्वी कापडगिरणी कावसजी दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली, १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढल्या काही दशकांत परळ-लालबाग-वरळीचे गिरणगाव उभे राहिले. तेथील कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या भागांतून आले. बहुतेक जण एकटे आले. १९२१च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम ५२५च्या आसपास.

हा आकडा क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. जितके पुरुष त्याच्या निम्म्याच स्त्रिया. उरलेल्या स्त्रिया कुठे होत्या? गावी.

५/
एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एक जण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपे. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ बहुधा एखादी बाई आपल्या घरातच चालवी. याच खानावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

माझे आजोबा १९५५ साली लग्न करून पंधराव्या दिवशी याच जगात परतले. वर्षातून दोनदा घरी येत: एकदा गणपतीला, एकदा गावच्या जत्रेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपात आजोबांची नोकरी गेली आणि ते कायमचे घरी आले. आजी-आजोबांचा सलग संसार सुरू झाला तो लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी.

६/
मी आजीला विचारले, “तुमच्या वेळी आपलं एकत्र कुटुंब होतं ना?”

आजी म्हणाली, “हुतं की. तुझं आजोबा सोडलं तर समदी एकत्रच हुती.”

७/
आता पहिले विधान घेऊ: भारतात पूर्वी सरसकट एकत्र कुटुंबे होती आणि आधुनिकतेने ती मोडली.

महाराष्ट्रापुरता या बाबतीत एक दुर्मीळ पुरावा उपलब्ध आहे. पेशवाई संपल्यानंतर लगेचच, १८१९ मध्ये, थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची बारकाईने पाहणी केली. हेच आजचे लोणीकंद. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर पॉलीन कोलेंडा यांनी १८१९, १९५८ आणि १९६७ या तीन वर्षांतील तेथील कुटुंबरचना शेजारी-शेजारी मांडून पाहिली. एकत्र कुटुंबे पूर्वी सर्वत्र होती आणि मग ती ओसरत गेली, असे चित्र त्यातून निघाले नाही. १८१९ मध्येही त्या गावात लहान, विभक्त घरे होतीच.

८/
यात नवल नाही. एकत्र कुटुंब टिकायचे तर तीन पिढ्या एकाच वेळी जिवंत असाव्या लागतात आणि वाटण्या न करण्याइतकी जमीन असावी लागते. पटकी, प्लेग आणि दुष्काळ यांच्या काळात या दोन्ही गोष्टी प्रत्येकाच्या वाट्याला येत नसत. मोठा वाडा, चार भाऊ, वीस पानांची पंगत हे चित्र खरे आहे. पण ते प्रामुख्याने जमीनजुमला असलेल्या घरांचे आहे. आपण ते सर्वांचे मानून बसलो.

९/
दुसरे विधान: पाश्चात्यांची कुटुंबे आधुनिक काळात मोडली.

इथेही कागदपत्रे वेगळेच सांगतात. केंब्रिजच्या पीटर लॅस्लेट यांनी १५७४ ते १८२१ या काळातील शंभर इंग्लिश वस्त्यांच्या याद्या तपासल्या. सरासरी घर निघाले ४.७५ माणसांचे. म्हणजे औद्योगिक क्रांतीच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडमधील घर लहानच होते. मुले पंधरा-सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या शेतावर किंवा घरी चाकरीला जात, पंचविशीच्या आसपास लग्न करीत आणि लग्न झाले की वेगळी चूल मांडीत. ‘अठराव्या वर्षी घर सोडणे’ ही तिथली नवी बिघडलेली चाल नव्हे; ती शेकडो वर्षांची जुनी रीत आहे.

१०/
शिवाय ‘पाश्चात्य’ म्हणजे एक कुणी नव्हे. जॉन हजनल यांनी १९६५ मध्ये लेनिनग्राडपासून त्रिएस्तेपर्यंत नकाशावर एक रेषा कल्पिली. तिच्या पश्चिमेला उशिरा लग्न, तर पूर्वेला लवकर आणि जवळपास सर्वांचेच लग्न. मध्य इटलीत, पश्चिमेकडेच, अर्धेलीने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांत बाप आणि विवाहित मुलगे एकाच घरात राहत, कारण त्या शेताला तेवढे हात लागत. कुटुंब एकत्र राहते की नाही, हे प्रेमापेक्षा शेत, मजुरी आणि वारसा यांवर अधिक अवलंबून होते. तिथेही आणि आपल्याकडेही.

११/
मग दोन्हीकडे फरक नव्हताच का? होता, आणि तो महत्त्वाचा होता. इंग्लंडमध्ये लग्न म्हणजे नव्या घराची सुरुवात. आपल्याकडे लग्न म्हणजे चालू घरात सुनेचा प्रवेश. तिथे कुटुंबाचा कणा पती-पत्नी हे नाते, इथे बाप-मुलगा आणि भाऊ-भाऊ हे नाते. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची ओळख सांगताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक पूजा यांवर बोट ठेवले. त्या व्याख्येत नवरा-बायकोच्या सहवासाला वेगळे स्थान नाही. ते आजीलाही नव्हते.

१२/
आता डबा उघडू.

१८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डरीचे काम हाती घेतले आणि कोकण व घाटमाथ्यावरील गावांचे अर्थकारण बदलून गेले. मनिऑर्डरीच्या फॉर्मला एक छोटे कुपन असे. त्यावर संदेशापुरती जागा. पैसे घेणाऱ्याने सही किंवा अंगठा केला की पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई आणि ते कुपन घरी राही. आमच्या डब्यात अशी एकशे अकरा कुपने आहेत. ती फोडणीच्या तेलाने, धुराने पिवळी पडली आहेत.

१३/
त्यांतील मजकूर कसा? “पैसे पोचल्याचे कळवावे.” “आईच्या डोळ्यांचे औषध आणावे.” “म्हैस विकू नये.” “धाकट्याची फी भरावी.” एकशे अकरा कुपनांत कुठेही ‘आठवण येते’ हे शब्द नाहीत. आजीचे नावही नाही. बायकोचे नाव उघड घेण्याची रीत नव्हती, आणि मनिऑर्डर नेहमी यायची ती सासऱ्यांच्या नावे. घरचे कर्ते ते. आजीच्या नावाची पहिली मनिऑर्डर आली १९७१ साली, सासरे वारल्यावर. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. पोस्टमनने कुपन वाचून दाखवले आणि तिने अंगठा उठवला. ते कुपन तिने डब्यात सर्वांत वर ठेवले आहे.

१४/
यावरून कुणी म्हणेल, काय कोरडा माणूस! मीही तसेच म्हटले होते. माझे मत बदलले ते एका पोलिश-अमेरिकन ग्रंथामुळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पोलंडमधील लाखो शेतकरी अमेरिकेत गेले. अनेक जण शिकागोच्या कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत कामाला लागले. विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नानिएत्स्की या दोन अभ्यासकांनी अशा कुटुंबांची सातशेहून अधिक पत्रे मिळवून छापली. ‘द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका’ हा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १९१८ ते १९२० दरम्यान प्रसिद्ध झाला.

१५/
त्या पत्रांची घडण पाहावी. आरंभी येशूचे नामस्मरण. मग स्वतःच्या प्रकृतीची खुशाली आणि घरच्यांच्या खुशालीची विचारपूस. अखेरीस आई, वडील, भाऊ, बहिणी, मामा, शेजारी अशा एकेकाला नमस्कार. मध्ये पैशाची, गुरांची, जमिनीची बोलणी.

आता आपली जुनी पत्रे आठवावी. आरंभी ‘श्री’. मग ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे’. अखेरीस थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मध्ये पैसे, म्हैस, औषध.

१६/
अशा पत्राचे मुख्य काम बातमी कळवणे नव्हेच, असे त्या दोघा अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. माणसे दूर गेली तरी कुटुंब अजून अखंड आहे, हे दाखवून देणे हेच त्याचे काम. म्हणून प्रत्येकाचे नाव घ्यायचे, प्रत्येकाला नमस्कार पोचवायचा.

हे वाचल्यावर मी पुन्हा डबा उघडला. ‘म्हैस विकू नये’ या वाक्याचा अर्थ मला निराळा लागला. शेकडो मैलांवर, पाळीच्या झोपेतून उठलेला एक माणूस आपण अजून त्या गोठ्यात आहोत, असे सांगत होता. शिकागोचा पोलिश मजूर आणि लालबागचा शाहूवाडीकर यांना एकमेकांचे अस्तित्व ठाऊक नव्हते. पण दोघांनी अंतरावर मात करण्यासाठी एकच उपाय शोधला.

१७/
तिसरे विधान घटस्फोटाचे. ‘तो पाश्चात्यांकडून आला’ असे म्हणतात.

इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोट हवा असल्यास संसदेत स्वतंत्र कायदा संमत करून घ्यावा लागे. असे खासगी कायदे पावणेदोनशे वर्षांत तीनशेच्या आसपास झाले. त्यांतील स्त्रियांच्या अर्जावरून झालेले मोजून चार.

त्याच काळात मराठी मुलखातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते. गवताची काडी मोडून संबंध संपवला जाई, सोडचिठ्ठी दिली जाई, आणि स्त्रीला दुसऱ्या विवाहाची, म्हणजे पाटाची, मोकळीक असे. पेशवेकालीन कागदांत पाटावरचा ‘पाटदाम’ हा कर आढळतो. आर्थर स्टील याने एल्फिन्स्टनच्या आदेशावरून दख्खनमधील जातींच्या रूढींचे संकलन केले. १८२७ मध्ये छापल्या गेलेल्या त्या संकलनात या प्रथांची नोंद आहे. ‘हिंदू विवाह कधीच मोडत नाही’ ही काही उच्च जातींची रीत होती. पुढे तीच सर्वांची परंपरा म्हणून सांगितली गेली.

१८/
आपल्या कोल्हापूरचा दाखला तर अधिक बोलका आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता दिली, काडीमोडीविषयी कायदा केला, आणि त्याच वर्षी स्त्रियांना घरात क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही केला. कैद आणि दंडाची तरतूद असलेला.

या शेवटच्या कायद्याकडे मी फार वेळ पाहत राहिले. हा कायदा का लागला असावा? घरात जिव्हाळाच नांदत असता तर राजाला शिक्षा लिहून ठेवावी लागली नसती. स्वतंत्र भारतात घरगुती हिंसाचाराविरुद्ध दिवाणी कायदा झाला २००५ मध्ये. कोल्हापूरच्या राजाने तोच प्रश्न शहाऐंशी वर्षे आधी ओळखला होता, आणि तोही कोणत्या पाश्चात्य कुटुंबाचा नव्हे, आपल्याच कुटुंबाचा.

१९/
चौथे विधान वृद्धांचे. हे सर्वांत दुखरे.

इंग्लंडच्या १६०१च्या गरीब-कायद्यात असमर्थ आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर घातलेली होती. मुले लांब चाकरीला गेलेली आणि स्वतःच गरीब. म्हणून पुष्कळदा तो भार गावच्या चर्च-परगण्यावर पडे. १९०८च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरीब वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि १९४८ मध्ये मुलांवरील ते कायदेशीर बंधन काढून टाकण्यात आले.

आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईवडिलांना पोटगी मागण्याचा हक्क दिला आणि २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तिथे ते ओझे राज्याने उचलले, इथे राज्याने ते मुलांच्या खांद्यावर पुन्हा ठेवले. यांतून कोणत्या देशातील मुलांचे आईवडिलांवर प्रेम अधिक, हे ठरत नाही. म्हातारपणाचा खर्च कोणी करायचा, याची दोन उत्तरे तेवढी दिसतात.

२०/
आणि आपल्याकडे घरात राहून म्हाताऱ्यांचे कोण करते, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. पणजीच्या डोळ्यांत औषध कोणी घातले? कुपनावर आजोबांचा आदेश आहे. हात आजीचे आहेत. ‘आपली संस्कृती आईवडिलांना सांभाळते’ या वाक्यातील कर्ता बहुतेक घरांत सून असते, आणि तिच्या स्वतःच्या आईला कोण सांभाळते याची नोंद कुठल्याही कुपनावर नसते.

माहेरचेही तसेच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी आमच्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. का, असे विचारल्यावर धाकटी आत्या म्हणाली, “माहेर तुटायला नको.” जिव्हाळा खराच होता. त्याची किंमतही खरी होती, आणि ती एकाच बाजूने मोजली.

२१/
तर मग काकांच्या संदेशाला माझे उत्तर काय?

जवळीक ही कोणत्या संस्कृतीच्या मालकीची वस्तू नाही. शेती, मजुरी, टपाल आणि कायदा यांनी आखून दिलेल्या चौकटीत कुणीतरी ती रोज कष्टाने निभावते. त्यामुळे ‘कोणाचे कुटुंब अधिक प्रेमळ’ या प्रश्नाला इतिहास उत्तर देऊ शकत नाही. ‘या कुटुंबात जवळीक टिकवण्याचे काम कोणी केले, आणि त्याचे मोल कोणी चुकवले’ या प्रश्नाला मात्र तो उत्तर देतो. मलकापुरातही आणि शिकागोतही.

आमच्या घरातील पुरुष परगावी राहतो ही गोष्ट जर्मनीपासून सुरू झालेली नाही. आजोबा सत्तावीस वर्षे दूर होते. त्यांना कुणी ‘संस्कार विसरला’ असे म्हटले नाही, कारण दरमहा मनिऑर्डर येत होती. दादा रोज रात्री आजीला व्हिडिओ कॉल करतो. “जेवलीस का?” एवढेच विचारतो. आजी म्हणते, “बोलाय तर काय नसतं त्याच्याकडं.” आणि नऊ वाजले की फोन जवळ घेऊन बसते.

२२/
शेवटी एक विनंती. आपापल्या घरी मनिऑर्डरीची कुपने, आंतरदेशीय पत्रे, पोस्टकार्डे असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ छायाचित्र घ्या. सोबत चार गोष्टी लिहून ठेवा: पैसे कोणी पाठवले, कोणाच्या नावे आले, पत्र कोणाच्या हातचे होते, आणि वाचून कोणी दाखवले. ज्यांना हे सांगता येईल ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना या दिवाळीतच विचारा.

हा धागा मी घरच्या गटावरही टाकला आहे. काकांनी अद्याप काही लिहिलेले नाही. दादाने मात्र आजोबांच्याच भाषेत एक ओळ पाठवली: “पोचले. म्हशीला जपावे.” म्हैस आता नाही. आजीला ते वाचून दाखवले, तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

(धागा समाप्त. चुका आढळल्यास अवश्य सांगाव्यात.)